सोबत कोण येणार?

नाशिकमधल्या माझ्या समुपदेशन केंद्रात पोटविकारतज्ज्ञांनी पाठवलेले रुग्ण अधूनमधून येतात. सहसा त्यांच्या सगळ्या तपासण्यांत काही निघालेले नसते आणि दुखणे मात्र थांबलेले नसते. भाऊसाहेबांच्या हातातल्या चिठ्ठीवर निराळाच मजकूर होता. एन्डोस्कोपी सांगितली आहे, रुग्ण दर वेळी तारीख घेतो आणि ऐन वेळी येत नाही, भीती वाटत असावी, तरी बोलून पाहावे, असे डॉक्टरांनी लिहिले होते.

भाऊसाहेब हे त्यांचे नाव नव्हे. सरकारी कार्यालयात लिपिकाला ज्या संबोधनाने हाक मारतात तेच मी येथे वापरते आहे. त्यांच्या संमतीने हे लिहिताना त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

पन्नाशीकडे झुकलेले, अविवाहित, सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात एकटे राहणारे असे हे गृहस्थ. आई काही वर्षांपूर्वी गेली आणि थोरले बंधू सहकुटुंब पुण्याला असतात. खोलीत आल्यावर बसण्याआधीच त्यांनी वर पाहिले आणि पंख्याचा आवाज येतो आहे, माझ्या ओळखीचा वायरमन आहे, उद्याच पाठवून देतो, असे सांगितले. मग टेबलावर तिरपा पडलेला फायलींचा गठ्ठा सरळ करून ठेवला. स्वतःच्या पोटाबद्दल एक शब्दही बोलण्याआधी त्यांनी माझी दोन कामे अंगावर घेतली होती, आणि हे सारे इतक्या सहजपणे, की समोरच्याला ते लक्षातही येऊ नये.

एन्डोस्कोपीची नेमकी कशाची भीती वाटते, असे मी विचारले. घशातून नळी जाण्याची, गुंगीच्या इंजेक्शनची की निदान काय निघेल याची? तिन्हींना त्यांनी मान हलवून नकार दिला. बराच वेळ थांबून ते म्हणाले, "मॅडम, त्या कागदावर लिहिलेले असते, सोबत एक जबाबदार व्यक्ती आणावी. कोणाला सांगू?"

ही अट रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी असते. गुंगीचे औषध दिल्यावर माणूस जागा झाला तरी काही तास त्याचे भान पूर्ववत नसते, त्या दिवशी त्याने गाडी चालवायची नसते, महत्त्वाच्या कागदांवर सह्या करायच्या नसतात, म्हणून त्याला घरी नेणारे कोणी असल्याशिवाय बहुतेक रुग्णालये ही तपासणी करत नाहीत. भाऊसाहेब तारीख घेत, आदल्या रात्री हलके जेवत, सकाळी उपाशीपोटी तयार होत आणि रुग्णालयात फोन करून तातडीचे काम निघाल्याचे सांगत. अनेक महिने हे असेच चालले होते. पोटात जळजळ होत होती, वजन उतरत होते, आणि काही तास कोणी आपल्याजवळ बसावे एवढे मागणे त्यांच्या तोंडून निघत नव्हते.

खरे तर या माणसाभोवती माणसांची वाण नव्हती. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या बायपासच्या वेळी ते अतिदक्षता विभागाबाहेर रात्रभर बसले होते. शेजारच्या घरातल्या बाळंतपणात रक्तपेढीच्या फेऱ्या त्यांनीच मारल्या होत्या. निवडणुकीचे काम कोणाला नको असले, मार्चअखेरीस कोणाला रात्री थांबता येत नसले, सोसायटीचा हिशेब कोणाला जुळत नसला, की भाऊसाहेबांना सांगा, ते नाही म्हणणार नाहीत, हे सर्वांना ठाऊक होते. याच भिडेपोटी कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेत त्यांनी अनेकांच्या कर्जाला जामीनदार म्हणून सह्या दिल्या होत्या. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 128 नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. सही करताना "नुसती औपचारिकता आहे" असे सांगणाऱ्याला हे ठाऊक असते आणि बहुधा सही करणाऱ्यालाही. एकाने कर्ज थकवले तेव्हा वसुली भाऊसाहेबांच्या पगारातून सुरू झाली होती, आणि त्या गृहस्थांशी ते रोज दुपारी एकाच टेबलावर डबा खात होते. याविषयी एक अक्षरही त्यांनी कधी काढले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा जाणवतो. असे आकडे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे रिकाम्या घरातला वृद्ध येतो. मानसशास्त्रज्ञ पर्लमन आणि पेप्लॉ यांनी 1981 मध्ये एकाकीपणाची जी व्याख्या केली तिच्यात मात्र नुसती माणसांची संख्या मोजलेली नाही. आपल्याला हवे असलेले संबंध आणि प्रत्यक्षात असलेले संबंध यांतले अंतर, हा त्यांच्या मते एकाकीपणा. भाऊसाहेबांच्या बाबतीत ते अंतर त्यांच्या चांगुलपणानेच वाढवले होते, असे माझे मत झाले. त्यांच्या उपयोगी पडण्याशी सर्वांची ओळख होती. त्यांना काय आवडते, काय टोचते, रात्री झोप लागते की नाही, हे कोणाला माहीत नव्हते, कारण ते कळण्याची संधी त्यांनी कोणाला दिलीच नव्हती.

भिडस्त माणसाला नाही म्हणायला शिकवावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अपुरा वाटतो. भाऊसाहेबांकडून पहिल्याच आठवड्यात चार नकार वदवून घेतले असते, तर ते अपराधी भावनेने आणखी पोखरले गेले असते, आणि नकार दिल्यावर उरणाऱ्या मोकळ्या संध्याकाळी त्यांनी काय करायचे हा प्रश्न तसाच राहिला असता. शिवाय त्यांच्या होकाराआड एक ठाम समजूत दबा धरून होती. मी उपयोगी पडलो नाही तर माझ्याजवळ कोणी थांबणार नाही, अशी ती समजूत. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली तेव्हा सर्वांची पसंती आपल्याला मिळालीच पाहिजे हा अट्टहास त्यांनी माणसाच्या अविवेकी समजुतींमध्ये फार वर घातला होता. अशी समजूत केवळ चर्चेने ढासळत नाही, ती प्रत्यक्ष कृतीने तपासावी लागते, यावरही त्यांचा भर होता. स्वतः एलिस यांनी तरुणपणी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात, नकाराची धास्ती जावी म्हणून, बाकांवर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी ठरवून संभाषण केले होते. म्हणून नाही म्हणण्याच्या आधी मागायला शिकावे, असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले.

ज्या दिवसाबद्दल मला सांगायचे आहे तो यानंतर आला. भाऊसाहेब कार्यालयातून थेट आले होते. एन्डोस्कोपीची नवी तारीख पुढच्या बुधवारची होती आणि माझ्यासमोर बसूनच कोणाला तरी फोन करायचा, असे ठरले होते. आधी त्यांनी एका कोऱ्या कागदावर नावे लिहिली. प्रत्येक नावापुढे ते लगेच कारणही लिहीत गेले. याच्या घरी पाहुणे आहेत, त्याला साहेब सोडणार नाहीत, याची दुचाकी बिघडली आहे. न विचारताच सर्वांच्या वतीने त्यांनी स्वतःला नकार देऊन टाकला होता. कारणांचा रकाना खोडून टाकावा, अशी मी विनंती केली. त्यांनी पट्टी मागून घेतली आणि प्रत्येक ओळीवर सरळ रेघ मारली.

पहिला फोन, ज्याच्या वडिलांसाठी ते रात्रभर जागले होते त्या सहकाऱ्याला. मोबाइल कानाला लावलेला हात कापत होता. बोलण्याची सुरुवातच "तुला त्रास देतोय, राहू दे, पण" अशी झाली. पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. "भाऊसाहेब, बुधवारी मुलीची बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा आहे हो, तिला केंद्रावर मलाच न्यायचे आहे. बुधवारी नाही जमणार. तारीख बदलली तर सांगा." भाऊसाहेब घाईघाईने क्षमा मागू लागले. त्यावर पलीकडून "अहो, क्षमा कसली? पोटाला काय झाले आहे ते तर सांगा" असे आले. मग दोन-तीन मिनिटे ते दोघे पोटाविषयी बोलले. आपली जळजळ त्यांनी बाहेरच्या माणसाला सांगितल्याचे त्या दिवशी मी प्रथमच ऐकले.

फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता. मी लगेच धीर देण्याचे टाळले. अशा वेळी समुपदेशकाने भरभर बोलू नये, असे मला अनुभवाने पटलेले आहे. थोड्या वेळाने मी विचारले, "त्यांचा राग आला का?"

"राग कसला? त्याला खरेच काम आहे."

"मग ते वाईट माणूस ठरले का?"

"नाही, नाही."

"तुमचे संबंध तुटले?"

ते गप्प झाले. कागदावरच्या त्या पहिल्या नावाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, किती सरळ नाही म्हणाला हो तो. आणि मला काहीच झाले नाही."

नकार देणारा माणूस दुष्ट नसतो, हे मी त्यांना किती वेळा पटवून दिले असते तरी ते त्यांच्यापर्यंत असे पोहोचले नसते. नकार ऐकून घेणाऱ्याच्या जागी ते स्वतः बसले होते आणि तिथून त्यांना दिसले, की समोरच्याचे आपल्याशी असलेले नाते त्या एका शब्दाने संपत नाही. आजवर आपण नाही म्हटल्यावर लोकांचे काय होईल याची जी धास्ती ते बाळगून होते, तिच्यातला बराचसा भाग तिथेच गळून पडला, असे मला वाटते.

दुसरा फोन त्यांनी, मी सुचवण्याआधीच, खालच्या मजल्यावरच्या एसटीच्या निवृत्त चालकांना केला. त्यांच्यासाठी भाऊसाहेबांनी कधी काही केलेले नव्हते, जिन्यात भेट झाली की नमस्कार, एवढाच परिचय. उपकाराची परतफेड या हिशेबात न बसणारे असे त्या कागदावर ते एकच नाव होते. त्या गृहस्थांनी फक्त निघायचे किती वाजता एवढे विचारले आणि बुधवारी ते दोघे रिक्षाने गेले.

तपासणीत जठराच्या अस्तराला सूज आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा संसर्ग निघाला. प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण केल्यावर जळजळ थांबली. हे मुद्दाम लिहिते, कारण पोटाचे दुखणे आणि मनाचा ताण अशी जोडी लावून मोकळे होण्याची घाई आम्हा समुपदेशकांनाही होते. भाऊसाहेबांचे पोट जिवाणूमुळे दुखत होते, त्यांच्या भिडेने ते दुखणे लांबवले होते.

पुढचे काम संथ होते. आठवड्याचे तास कोणासाठी खर्च होतात याची नोंद त्यांनी एका वहीत ठेवली. त्यांचे अक्षर अतिशय वळणदार, त्यामुळे स्वतःच्या नावाचा रकाना कोरा राहिलेला अधिकच डोळ्यांत भरत होता. त्या रकान्यात काय लिहावेसे वाटते, यावर बरेच दिवस त्यांना उत्तर सापडेना. मग एकदा ते म्हणाले, की आईच्या आजारपणाआधी त्यांना पक्षी पाहण्याचा नाद होता आणि दुर्बीण अजून कपाटात आहे. निफाड तालुक्यातले नांदूर मधमेश्वर हे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र, नाशिकहून तासाभराच्या अंतरावर. हिवाळ्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या त्या उथळ पाण्यात तलवार बदक, थापट्या, चक्रवाक असे पाहुणे उतरतात आणि वनविभाग पक्षीप्रेमींच्या मदतीने तिथे पक्षीगणना करतो. भाऊसाहेब रविवारी जाऊ लागले, पुढे गणनेतही बसू लागले.

तिथली ओळख निराळ्या रीतीने होते, हे त्यांनीच मला सांगितले. सगळ्यांची नजर पाण्याकडे असते, कोणी कोणाचे काम करत नसतो, दूरच्या ठिपक्याला एकजण थापट्या म्हणतो आणि दुसरा नाही म्हणतो. मतभेद होतो, दुर्बीण फिरते, पुस्तक उघडले जाते आणि सोबतचा चहा तसाच चालू राहतो. त्यांनी पहिला निःसंकोच विरोध तिथे केला, एका बदकाच्या नावावरून.

जामिनकीचा प्रश्न त्यानंतर आला. कार्यालयातले एक कनिष्ठ सहकारी नव्या कर्जाचा अर्ज घेऊन आले. आम्ही आधी सराव केला होता, मी सहकाऱ्याची भूमिका घेऊन हट्ट धरत असे आणि भाऊसाहेबांनी सबबी न सांगता एकच वाक्य शांतपणे पुन्हा म्हणायचे असे. "मी यापुढे कोणाच्याही कर्जाला जामीन राहणार नाही, अर्ज नीट भरायला मात्र मदत करतो." प्रत्यक्षात ते हेच बोलले. सहकारी रागावले, चहाला बोलावणे त्यांनी बंद केले आणि ते अजून बंदच आहे. याचे भाऊसाहेबांना वाईट वाटते आणि तसे वाटण्यात मला काहीही गैर दिसत नाही. थकबाकीदार गृहस्थांशीही ते डब्याच्या टेबलावर नाही, तर वेगळे बसून स्पष्ट बोलले. हप्त्यातला काही भाग आता ते गृहस्थ दर महिन्याला परत करतात, सगळा नाही.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त चालक पूर्वी कधी नांदूर मधमेश्वरला गेले नव्हते, आता कधीकधी त्यांच्यासोबत येतात. भाऊसाहेब अजूनही महिन्यातून एकदा माझ्याकडे येतात. पुण्याच्या बंधूंनी गावाकडच्या सामाईक घराची सगळी देखभाल त्यांच्यावर सोपवलेली आहे आणि त्या खर्चाचा निम्मा वाटा मागण्याचे पत्र सध्या आम्ही तयार करत आहोत. पहिल्या मसुद्यात क्षमायाचनेचे दोन परिच्छेद होते, परवाच्या मसुद्यात त्यातला एक त्यांनी स्वतःहून काढून टाकला आहे.