तुम्ही विचारलंत म्हणून: रॅम वाढवली की कॉम्प्युटर फास्ट होईल का?

रॅम अपुरी पडत असेल तर फरक लगेच जाणवेल इतका पडतो. पुरत असेल तर जवळजवळ काहीच पडत नाही. आपलं मशीन यातलं कुठलं, हे पाच मिनिटांत पाहता येतं. त्याआधी मेमरी आत काय करते ते थोडं समजून घ्या.

प्रोसेसर डिस्कवरून थेट काम करत नाही. डिस्कवरचा डेटा रॅममध्ये येतो, तिथून कॅशमध्ये (प्रोसेसरमधली छोटी, अतिशय वेगवान मेमरी), मग रजिस्टरमध्ये (प्रत्यक्ष हिशेब चालतो ती इवलीशी जागा). सगळीच मेमरी कॅशसारखी का करत नाहीत? कारण कॅश असते एसरॅमची, तिथे एका बिटला साधारण सहा ट्रान्झिस्टर लागतात. रॅम म्हणजे डीरॅम, तिथे एका बिटला एक ट्रान्झिस्टर आणि एक कॅपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) पुरतो, म्हणून ती कमी जागेत आणि स्वस्तात होते. या रचनेचं पेटंट आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये मिळालं, आणि आजच्या रॅमचाही पाया तोच आहे. मात्र त्या इवल्याशा कॅपॅसिटरमधला चार्ज सतत गळतो. म्हणून बिटांची प्रत्येक ओळ साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरावी लागते. याला रिफ्रेश म्हणतात. चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापली की गळती वाढते आणि रिफ्रेश दुप्पट वेळा करावा लागतो. वीज गेली की रिफ्रेश थांबतो, आणि सेव्ह न केलेलं काम जातं ते यामुळेच.

एसएसडीतली (फिरते भाग नसलेल्या डिस्कमधली) फ्लॅश मेमरी चार्ज इन्सुलेटरच्या आड कोंडून ठेवते, त्यामुळे वीज नसतानाही डेटा टिकतो. पण पुसताना अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि दर वेळी इन्सुलेटर थोडा झिजतो.

आता वेग. सगळ्यात जवळच्या कॅशमधून डेटा यायला साधारण १ नॅनोसेकंद लागतो. तो १ सेकंद धरला, तर रॅमकडून उत्तर यायला सुमारे दीड मिनिट, चांगल्या एसएसडीकडून जवळपास एक दिवस आणि फिरत्या हार्ड डिस्ककडून तीनेक महिने लागतील. रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टिम सध्या न लागणारी पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) डिस्कवर नेऊन ठेवते आणि हवी तेव्हा परत आणते. मशीन अडकतं ते या ये-जा करण्यात.

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. नेहमीचं सगळं काम चालू ठेवूनच बघा. नुसता ८० टक्क्यांचा आकडा पाहून घाबरू नका. 'अव्हेलेबल' सतत १ जीबीच्या खाली असेल आणि विंडो बदलताना डिस्क धडधडत असेल, तर रॅम नक्की कमी आहे. तसं नसेल आणि अजून हार्ड डिस्कच असेल, तर पैसे एसएसडीवर घाला.

रॅम घेताना आपल्या मशीनला डीडीआर४ लागते की डीडीआर५ (रॅमच्या दोन पिढ्या) हे आधी तपासा. डेस्कटॉपमध्ये दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवू नका. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे वाढवण्याचा प्रश्नच मिटतो. शक्यतो सारख्या दोन स्टिक (रॅमच्या पट्ट्या) घ्या. डीडीआर४-३२०० चा एक चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधली डेटाची वाट) सेकंदाला २५.६ जीबी देतो, दोन मिळून ५१.२. ग्राफिक्ससाठी वेगळं कार्ड नसून ते काम मुख्य प्रोसेसरच करत असेल तर हा फरक जास्त जाणवतो, कारण ते हीच रॅम वापरतं. चार स्लॉट असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरायचा असतो; मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक लावल्यात तर सगळ्या सहसा सर्वांत संथ स्टिकच्या वेगाने चालतात. आणि फक्त मोठ्या आकड्यावर भाळू नका: सीएल म्हणजे डेटा यायला किती क्लॉक ठोके लागतात तो आकडा; ३२०० ला सीएल१६ आणि ६००० ला सीएल३०, दोन्हींचा हिशेब १० नॅनोसेकंदच येतो. वाढते ती एका वेळी वाहून नेण्याची क्षमता.

बसवण्याआधी प्लग काढा, लॅपटॉप असेल तर बॅटरीही सोडवा, आणि सोनेरी पिनांना बोट लावू नका. डेस्कटॉपमध्ये क्लिपचा खटका ऐकू येईपर्यंत दाबा. स्क्रीन काळी राहण्याचं नेहमीचं कारण अर्धवट बसलेली स्टिक हेच असतं. डीडीआर५ मात्र पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचं ट्रेनिंग करते (प्रोसेसरशी वेळेचा मेळ जुळवते), त्यात काही मिनिटं जाऊ शकतात. तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका. नंतर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एकही एरर आला तर एकेक स्टिक वेगळी लावून तपासा आणि सदोष निघेल ती वॉरंटीत बदलून घ्या.