न तोडलेल्या झाडांचा रकाना

आज दिवसभर संगमेश्वर तालुक्यात एका पडवीत सातबारा उलगडून बसलो होतो. खासगी रान काही वर्षं तोडायचं नाही, त्याबदल्यात मालकाला मोबदला, असा करार. पैसा एका कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठी काढलेल्या निधीचा. रानाचे मालक काका राजी आहेत, पण उताऱ्यावर सहहिस्सेदारांची ही भली मोठी रांग, निम्मे मुंबईला. "सह्या गणपतीत घ्या, तेव्हा सगळी येतात," काका म्हणाले. आमचा निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा! लाकूडवाला मात्र रोख मोजतो, त्याच दिवशी.

त्यात अहवालाच्या फॉर्ममध्ये रकाना एकच : 'लावलेल्या झाडांची संख्या'. मागच्या रानात जुना बेहडा आहे. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेते, बारीक फट ठेवते, नर बाहेरून फळं भरवतो. अशी ढोली व्हायला झाडाची हयात जावी लागते. रोपांचे फोटो काढून ती कुठली मिळायला? शेवटी 'इतर'मध्ये लिहिलं, 'लावलेली शून्य, उभी राखलेली सगळी.' उद्या फोन येणारच.

तोवर मुंबईच्या भावकीची बैठक लालबागेत घ्यायची म्हणतोय. कुणाच्या ओळखीत छोटं सभागृह असेल तर कळवा.