हिमोग्लोबिन कमी आलंय? एमसीव्हीचा आकडाही वाचा

रिपोर्टवर हिमोग्लोबिन ९ दिसलं की घरात बीट, डाळिंब आणि खजुराची खरेदी सुरू होते. ॲनिमिया हे आजाराचं नाव कमी आणि लक्षण जास्त. पुरुषांत १३, बायकांत १२ आणि गरोदरपणी ११ ग्रॅमच्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणायचं, इतकंच. का झाला, याचा धागा त्याच कागदावर थोडा खाली, एमसीव्हीसमोर असतो.

एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. साधारण ८० ते १०० ठीक. ८०च्या खाली असेल तर पेशी लहान. बहुतेक वेळा लोह कमी, पण थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहकही (म्हणजे थॅलेसेमिया मायनर) असू शकतो. इथे एक सोपा भागाकार कामी येतो: एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने (दशलक्षांत) भागा. समजा हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही ६२ आणि पेशी ५.६. उत्तर ११ आलं. १३च्या खाली म्हणजे थॅलेसेमिया मायनरचा संशय, पुढची तपासणी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी. तेच एमसीव्ही ६६ आणि पेशी ३.९ असतील तर उत्तर १७ च्या आसपास, म्हणजे लोहाकडे बघा. हा अंदाज आहे, निदान नव्हे. लोहासाठी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) करावं; १५च्या खाली असेल तर साठा संपलेला. मात्र अंगात ताप किंवा सूज असताना फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, त्यामुळे ‘नॉर्मल’ आलं म्हणून निश्चिंत होऊ नये.

१००च्या वर गेलं तर बी-१२ किंवा फोलिक ॲसिड, शिवाय दारू, यकृत, थायरॉइड. शाकाहारी घरांत आणि वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ हमखास तपासावं. नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं, पण बी-१२ अभावी नसांचं नुकसान चालूच राहतं.

लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर लहान-मोठ्या पेशींची सरासरी छान ९० येते. तेव्हा आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारांतल्या तफावतीचा आकडा, वाढलेला असतो. स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की गोम कळते. मूत्रपिंडाचा आजार किंवा नुकताच झालेला रक्तस्राव यांतही आकार बहुधा सामान्यच.

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, कळवण भागातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) विसरून चालत नाही. त्याची प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी वाहक की आजारी, हे तिच्यावरून कळत नाही; हिमोग्लोबिनचं इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. आईवडील दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. सिकलसेलच्या पेशंटला लोहाची कमतरता सिद्ध झाल्याशिवाय गोळ्या सुरू करू नयेत. वारंवार रक्त चढवलेलं असेल तर लोह आधीच साठलेलं असतं.

लोहाची गोळी चहासोबत घेतली की अर्धी वायाच. चहा तासभर आधी-नंतर, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, आणि सोबत लिंबू किंवा पेरू. (नागलीची भाकरी जरूर खा, पण तिची खरी श्रीमंती कॅल्शियमची.) शौचाला काळं होतं, ते अपेक्षितच, घाबरून बंद करू नये. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅम वाढायला हवं. नाही वाढलं तर गोळी खरंच घेतली जातेय का, पाळीत रक्त जास्त जातंय का, जंत आहेत का, हे बघावं. आकडा नीट झाल्यावरही साठा भरायला आणखी तीन महिने गोळी लागते. पन्नाशीच्या पुरुषाला लोह कमी निघालं, तर टॉनिकच्या आधी रक्त कुठून जातंय ते शोधावं: मूळव्याध, जठरातला व्रण, कधी आतड्याचा कॅन्सर.