वर्गसमीकरणांची वही : आधी विवेचक, मग उत्तर

अवयव पाडून सुटणारी वर्गसमीकरणं मागच्या नोंदीत संपली. या खेपेला सूत्र घेतलं. ते पाठ सगळ्यांनाच असतं, पण मला ते स्वतःच्या हातानं उभं करून मगच वापरायचं होतं.

समीकरण अक्ष² + बक्ष + क = ० असं धरा. पूर्ण वर्ग करताना सहसा आधी अ नं भागतात आणि तिथूनच अपूर्णांकांची रांग लागते. जुने गणिती श्रीधराचार्य यांची रीत उलटी आहे : दोन्ही बाजूंना ४अ नं गुणा, मग ब² मिळवा. त्यांचा बीजगणिताचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या आपल्या ‘बीजगणिता’त त्यांच्या नावानिशी ही रीत दिली म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. ३क्ष² + ७क्ष = २० घ्या. १२ नं गुणलं की ३६क्ष² + ८४क्ष = २४०. दोन्हीकडे ४९ मिळवले की डावीकडे (६क्ष + ७)², उजवीकडे २८९. म्हणजे ६क्ष + ७ हे १७ किंवा −१७; क्ष = ५/३ किंवा −४. उत्तर येईपर्यंत एकही अपूर्णांक नाही! आकड्यांच्या जागी अ, ब, क ठेवून हेच केलं की सूत्र समोर येतं :

क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ

यात वर्गमूळाखाली असलेलं ब² − ४अक म्हणजेच विवेचक.

सध्या कृषिपंपाची लाईन रात्रीची आहे. मोटर चालू करून धुऱ्यावर बसलो की बॅटरीच्या उजेडात दोन-तीन गणितं आरामात होतात. पण या वेळचं सगळ्यात चांगलं गणित घरीच मिळालं. गोठ्याच्या भिंतीला लागून भाजीपाल्याला तुकडा घेरायचा होता. जाळी ६० फूट, तीन बाजूंना पुरवायची. चौथी बाजू भिंत, ती ३० फूट लांब. भिंतीपासून बाहेर येणारी बाजू क्ष धरली, तर भिंतीला समांतर बाजू ६० − २क्ष. क्षेत्रफळ ४०० चौरस फूट हवं असेल तर क्ष(६० − २क्ष) = ४००, म्हणजे क्ष² − ३०क्ष + २०० = ०. विवेचक ९०० − ८०० = १००. मुळं २० आणि १०. बेरीज ३०, गुणाकार २००, ताळा बसला.

आता दोन्ही मुळं वावरात उभी करून पाहू. क्ष = १० घेतला तर समांतर बाजू ४० फूट होते, आणि भिंत तर ३० फुटांचीच. ते मूळ गणितात बरोबर आहे, आमच्या गोठ्याला चालत नाही. क्ष = २० चालतो : २० बाय २० चा चौकोन.

बायकोनं विचारलं, “पाचशे फूट होईन काय हो?” समीकरण क्ष² − ३०क्ष + २५० = ०. विवेचक ९०० − १००० = −१००. ऋण, आणि ऋण संख्येला वास्तव वर्गमूळ नसतं. म्हणजे एवढ्या जाळीत पाचशे होत नाही, कसंही वाकवा, आयत असेल तर नाहीच. मोजपट्टी हातात न घेता हे सांगता आलं, याचा आनंद मोठा होता. मग जास्तीत जास्त किती? विवेचक शून्य होईल तिथवर. क्षेत्रफळ ‘क्षे’ धरलं तर ९०० − २क्षे = ०, क्षे = ४५०. तेव्हा क्ष = १५ आणि समांतर बाजू नेमकी ३० फूट, भिंतीइतकीच.

म्हणून नवशिक्या मित्रांना माझं सांगणं आहे की सूत्रात किंमती भरण्याआधी विवेचक वेगळा काढा. तो शेवटी वर्गमूळाखाली आपोआप येतोच, असं म्हणून सोडू नका. धन, शून्य, ऋण, एवढं कळलं की प्रश्नाला उत्तर आहे का, हे तिथंच कळतं. परीक्षेत मुळांचं स्वरूप सांगा म्हणून दोन गुणांना विचारतात, तेवढाच त्याचा उपयोग समजणं मला पटत नाही.

शेवटी ठरलं ४२०, कारण एका बाजूला शेवग्याचं झाड आहे. विवेचक ९०० − ८४० = ६०, पूर्ण वर्ग नाही. √६० सुमारे ७.७४६, मुळं १८.८७३ आणि ११.१२७. दुसऱ्यात समांतर बाजू ३७ फुटांच्या वर जाते, तेव्हा ते बाद. पहिलं म्हणजे १८ फूट साडेदहा इंच, समांतर बाजू सव्वाबावीस फूट. खुंट्या त्याच मापानं ठोकल्या.

पुढच्या नोंदीत भास्कराचार्यांचं वानरांचं गणित : कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो, १२ डोंगरावर आहेत, एकूण किती? त्यात मुळं ४८ आणि १६ येतात आणि दोन्ही चालतात. सोडवून पाहा.