डग्गा डिकीतून यायला नको

गाडीच्या डिकीत सबवूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर, बसवला की दुकानात तो वाजवून दाखवायचं गाणं ठरलेलं असतं. दणदणीत, काचा थरथरवणारं. मी तिथे तबल्याचं एकलवादन लावायला सांगतो आणि त्यातही फक्त डाव्या हाताच्या डग्ग्यावरचा 'घे' हा घुमणारा बोल ऐकतो. सांगलीत तबला शिकवतो, त्यामुळे कान तिकडेच जातात. पण ज्यांचा तबल्याशी काही संबंध नाही त्यांनाही मी हेच करायला सांगतो, कारण क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे स्वर वूफरकडे आणि वरचे दारातल्या स्पीकरकडे वाटून देणारा बिंदू, नीट लागलाय की नाही ते इतकं स्वच्छ दुसरं काहीच सांगत नाही.

डग्ग्यावर मनगट दाबत पुढे नेलं की नाद खालून वर चढतो. मधल्या आकाराच्या डग्ग्याचा नाद साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास, आणि गाडीतला क्रॉसओव्हर आपण बहुधा ८० वरच ठेवतो. म्हणजे त्या एका मींडेत (सरकत्या स्वरात) आवाज डिकीतल्या वूफरकडून दारातल्या स्पीकरकडे सोपवला जातो. जुळणी चुकली असेल तर डावा हात मागच्या सीटमागून ऐकू येतो आणि चाट, म्हणजे उजव्या तबल्याच्या काठावरचा बोल, डॅशबोर्डवरून. वादक तबला असा दोन तुकड्यांत ऐकवत नाही. सबवूफर चालू आहे हे कळताच कामा नये. डग्गा पुढे, तबल्याशेजारीच वाजला पाहिजे.

सुरुवात करताना अ‍ॅम्पवरचा (स्पीकरांना ताकद देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवरचा) बेस बूस्ट, म्हणजे खालचे स्वर फुगवणारी सोय, शून्यावर आणा. हेड युनिटमधला (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिममधला) लाउडनेस बंद, इक्वलायझर सपाट. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरांच्या चॅनेलला हायपास (वरचे स्वरच जाऊ देणारा फिल्टर), सबला लोपास (खालचेच जाऊ देणारा), दोन्ही ८० वर. दाराचा पत्रा फार खुळखुळत असेल तर हायपास १०० पर्यंत न्या. फिल्टर हेड युनिटमध्येही असेल तर दोन्हींपैकी एकाच ठिकाणी चालू ठेवा. दोन्हीकडे चालू राहिला तर सप्तकामागे १२ डेसिबलचा उतार २४ चा होतो आणि जोडावर दोन्ही आवाज ठरवल्यापेक्षा जास्त उतरतात.

आता अडचण अशी की अ‍ॅम्पवरच्या त्या चिमुकल्या पेचावर ५० आणि ५०० एवढेच आकडे छापलेले असतात, आणि मधोमध फिरवलं म्हणजे २७५ असं अजिबात नसतं. ८० नेमकं कुठे आहे ते मल्टिमीटरने शोधता येतं. स्पीकरच्या वायरी काढा, गेन (अ‍ॅम्पने सिग्नल किती वाढवायचा तो पेच) कमी ठेवा, मोबाइलवरून ८० हर्ट्झचा टोन लावा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्या चॅनेलच्या टर्मिनलला लावा. फिल्टर बंद असताना समजा १० व्होल्ट दिसले, तर हायपास चालू करून पेच इतकाच फिरवा की ७ व्होल्ट दिसतील. बहुतेक साध्या अ‍ॅम्पमध्ये तीच ८० ची जागा, कारण क्रॉसओव्हरच्या बिंदूवर आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो. त्या जागी मार्करने ठिपका द्या. हे काम खालच्या टोनवरच करावं. स्वस्त मीटर हजार हर्ट्झवर बऱ्याचदा चुकीचा आकडा दाखवतात.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, हेड युनिट आणि अ‍ॅम्प यांची जुळणी. अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर जास्तीत जास्त किती व्होल्ट यावेत ते असं काढा: वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ४ ओहमवर २५० वॉटचा अ‍ॅम्प असेल तर सुमारे ३१.६ व्होल्ट. हेड युनिट तीन चतुर्थांशावर, सबसाठी ४० हर्ट्झचा टोन, आणि तो आकडा यायच्या जरा अलीकडेच थांबा.

माझा मावसभाऊ कराडहून गाडी घेऊन आला तेव्हा म्हणाला, "दादा, एवढे पैसे घातले, बेस गेला कुठे?" त्याचा बूस्ट आधीच पूर्ण उघडलेला होता. मी तो बंद केला आणि सबची लहर उलटी करणारा फेजचा स्विच ० वरून १८० वर टाकला. बेस आला. ८० हर्ट्झची लहर सव्वाचार मीटर लांब असते. डिकी आणि पुढची दारं यांच्या अंतरात दोन मीटरचा फरक पडला की अर्धी लहर मागेपुढे होते, आणि तेवढ्यात एकाचा धक्का दुसऱ्याच्या ओढीत विरून जातो. त्यात १२ डेसिबलचे लोपास आणि हायपास जोडाच्या जागी मुळातच एकमेकांच्या उलट असतात. म्हणून हा स्विच दोन्हीकडे टाकून ऐकल्याशिवाय बेस कमी आहे असं म्हणूच नये. ऐकायचं ड्रायव्हरच्या सीटवर बसून, डिकीपाशी उभं राहून नाही.

बेस बूस्टबद्दल मला खरंच कळकळीने सांगावंसं वाटतं. तो बहुतेक अ‍ॅम्पवर ४५ हर्ट्झच्या आसपास उचलतो. १२ डेसिबलची उचल म्हणजे सोळा पट ताकद. २० वॉटवर चाललेला स्वर एकदम ३२० वॉट मागतो. अ‍ॅम्प २५० चा असेल तर लहरीचे शेंडे छाटले जातात आणि वूफरची कॉइल तापते. शिवाय काचा बंद असलेल्या छोट्या गाडीत खालचे स्वर आपोआपच फुगतात, आणि डग्गा ४५ च्या बराच वर आहे. म्हणजे बूस्टने डग्गा वाढत नाही, नंबर प्लेटचा खडखडाट वाढतो. वूफरच्या बॉक्सला पोर्ट (हवेची नळी) असेल तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे स्वर अडवणारा) मात्र चालू ठेवा, बॉक्स ज्या हर्ट्झला जुळवलेला असतो त्याच्या थोडा खाली.

डॅशबोर्डखालची बेसची नॉब मात्र उपयोगाची आहे, ती सबची पातळी बदलत असेल तर. काही अ‍ॅम्पवर ती बूस्टच बदलते, माहितीपुस्तिकेत बघून घ्या. उभ्या गाडीत जुळवलेला डग्गा हायवेवर टायरच्या घरघरीत बुडतो, कारण ती घरघरही खालच्याच पट्ट्यात असते. पेठनाक्याला हायवेला लागलो की मी नॉब थोडी वर करतो, आणि गावात शिरलो की पुन्हा खाली. अ‍ॅम्पवरच्या पेचांना हात लावत नाही.