फरशीवरची चरचर आणि आमची दोन मांजरं

लिटर, म्हणजे मांजरांच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालतात ते दाणे, घरभर नेमकं कसं पसरतं हे कळायचं असेल, तर झाडण्याआधी फरशीकडे नीट बघावं. मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

सांगलीत विश्रामबागेत आमचा फ्लॅट आहे. घरात दोन मांजरं. सोन्या हा तांबूस, अंगावर भरपूर केस असलेला थोराड बोका. चिमी लहानखुरी. ती 2021 च्या पुरात गावभागातल्या आत्यांच्या माळ्यावर जन्मली आणि पाणी ओसरल्यावर आमच्याकडे आली. खालचा रस्ता वाहता आहे, कुत्रीही पुष्कळ, म्हणून दोघांना बाहेर सोडत नाही. शी-शूची सोय घरातच. ट्रे पॅसेजमध्ये असायचा आणि राखाडी दाणे देवघरात, गाद्यांवर, ओट्याखाली, सगळीकडे. सासूबाई पहाटे अनवाणी पूजेला जातात. "अगं, नुसती चरचर होतीय पायाखाली," म्हणायच्या. मांजरांवर मात्र त्या कधी चिडल्या नाहीत. सोन्या झोपतोच मुळी त्यांच्या पायाशी.

मग धाकट्या नणंदेला दिवस राहिले, ती माहेरी येणार असं ठरलं आणि हा नुसता केराचा प्रश्न उरला नाही. मांजरं कुणाला तरी देऊन टाका, असं शेजारून, नात्यातून सारखं कानावर येऊ लागलं. मला ते फार लागलं. आम्ही तिच्या डॉक्टरांना विचारलं आणि मांजरांच्या डॉक्टरांनाही. दोघांचं सांगणं जुळलं. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची. उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाल्ल्यावर तो मांजरात शिरतो आणि काही दिवस विष्ठेतून बाहेर पडतो. पण बाहेर पडल्या पडल्या तो लागण करू शकत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोज साफ होत असेल, तो गरोदर बाईनं साफ करायचा नसेल, आणि मांजरं घरातलं शिजवलेलं किंवा पाकिटातलं अन्न खात असतील, तर धोका खूपच कमी. अर्धवट शिजलेलं मटण आणि न धुतलेली भाजी यांचीही तेवढीच काळजी घ्या, असं तिच्या डॉक्टरांनी बजावलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग मांजरं राहतील. घर तेवढं नीट करू."

तेव्हापासून मी झाडण्याआधी बघायला लागले. ट्रेच्या एका बाजूला दाण्यांचा ढीग असायचा. आणि ट्रेपासून सोन्याच्या झोपायच्या जागेपर्यंत सुटे दाणे, विरळ होत गेलेले. ही दोन वेगळी दुखणी होती. ढीग चिमीचा. ती उकरताना मागे जोरात उडवते. विरळ वाट सोन्याची. त्याच्या पंजांच्या बोटांमधून केस बाहेर डोकावतात आणि दाणे त्यात अडकून येतात. उडवण्याला उंच भिंत लागते, वाहून नेण्याला वाटेत अडसर लागतो. एकाचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. बाजारात मिळणाऱ्या वस्तूंवर हे कुठे लिहिलेलं नसतं. उकरून झाकणं हा मांजराचा स्वभावच आहे. घरातली मांजरं ज्या रानमांजरांपासून आली ती कोरड्या, वाळूच्या मुलखातली. त्यामुळे उकरणं बंद करायचा विचारही करू नये.

चिमीसाठी गणपती पेठेतून कपडे ठेवायचा प्लास्टिकचा मोठा टब आणला. टब मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट तरी हवा, म्हणजे तिला आत वळता येतं. ह्यांनी एका अरुंद बाजूला हॅकसॉच्या पात्यानं यू आकाराचं दार कापलं, उंबरा सहा इंच ठेवला आणि कडा पॉलिश पेपरनं गुळगुळीत केल्या. कड खरखरीत राहिली तर मांजराचं पोट घासतं आणि ते आत जायला नाखूश होतं. टबाला झाकणही होतं. ते लावून पाहिलं तेव्हा आत वास कोंडला. चिमी दाराशी जाऊन परत फिरली. झाकण काढलं. भिंती उंच असल्यामुळे झाकण नसूनही ढीग पडायचा थांबला.

सोन्याचं काम जास्त किचकट निघालं. आधी दाणा. आम्ही वापरायचो ते बेंटोनाइट मातीचं, ओलं झालं की गोळे धरणारं लिटर. ही माती आपल्याकडे कच्छात आणि राजस्थानात निघते. ह्यांचं इलेक्ट्रिकचं काम असल्यामुळे पिशवीवरचं नाव बघून ते लगेच म्हणाले, "ही तर आम्ही अर्थिंगच्या खड्ड्यात टाकतो ती." बरोबर आहे, ती पाणी धरून ठेवते आणि फुगते, म्हणूनच दोन्हीकडे वापरतात. पण अर्थिंगची भुकटी ट्रेमध्ये कुणी टाकू नये, तिची धूळ मांजराच्या आणि आपल्याही नाकात जाते. लिटरमध्ये सुद्धा दाणा जितका बारीक तितका गोळा छान बसतो आणि तितकाच तो पंजालाही चिकटतो. दोन्ही फायदे एकत्र मिळत नाहीत.

म्हणून सोन्याला भट्टीत वाळवलेल्या लाकडी पेलेट्सवर आणायचं ठरवलं. त्या जाड कांड्या बोटांत अडकत नाहीत. शू पडली की त्यांचा भुसा होतो. त्यासाठी एकात एक बसणारे दोन टब घेतले आणि वरच्याला तळाशी भोकं पाडली. हलवलं की भुसा खाली गळतो, आख्ख्या कांड्या वर राहतात. एकदम बदल केला असता तर तो टबात गेलाच नसता. जुन्या लिटरमध्ये मूठभर कांड्या मिसळून सुरुवात केली आणि तो नेमानं जातोय असं दिसेल तसं प्रमाण वाढवत नेलं. चिमीनं मात्र कांड्यांना पंजासुद्धा लावला नाही. तिचं बेंटोनाइटच ठेवलं. मांजरं दोन असली की ट्रे तीन असावेत, असं डॉक्टर सांगतात. आमच्याकडे जागेमुळे दोनच बसले, म्हणून स्कूप, म्हणजे घाण काढायचा जाळीदार डाव, जास्त वेळा फिरवते.

वखारीतला भुसा फुकट मिळतो म्हणून कुणी आणू नये. तो कांड्यांपेक्षा हलका, घरभर उडतो, आणि लाकडाला कसलं औषध मारलंय ते कळत नाही. सोयाबीनच्या चोथ्याचं लिटरही आणलं होतं. दाणा चांगला, पण पावसाळ्याच्या दमट हवेत आमच्याकडे त्याला कुबट वास सुटला. किंमतही जास्त.

आता मॅट. काथ्याचं पायपुसणं टाकलं तर सोन्या त्यावरून उडी मारून पुढे जायचा, पायाला टोचतं त्याच्या. मग गाड्यांचं सामान मिळतं त्या दुकानातून कारमध्ये घालतात ती नूडल मॅट कापून आणली. पायाला मऊ, आणि वळवळलेल्या धाग्यांमध्ये दाणे खाली जाऊन बसतात. टब कोपऱ्यात सरकवला, दार भिंतीच्या बाजूला फिरवलं, म्हणजे बाहेर पडल्यावर भिंतीलगत मॅटवरून चालल्याशिवाय त्याला वाटच नाही. मॅट उडीपेक्षा लांब हवी, दोन-चार पावलं तरी तीवर पडली पाहिजेत. एवढ्या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त फरक पाडला तो या मॅटनं आणि टबाच्या दिशेनं. शिवाय सोन्या गाढ झोपला की बोथट टोकाच्या कात्रीनं त्याच्या बोटांमधले केस थोडे कमी करते. तो जागा झाला की तिथंच थांबते. जबरदस्ती केली तर पुढच्या वेळी तो पंजा हातात देत नाही.

जागाही बदलली. वॉशिंग मशीन फिरायला लागलं की चिमी दचकायची, म्हणून तिचा टब तिथून हलवून जाळी लावलेल्या बाल्कनीत नेला. पावसाची झड आत येते त्या दिवसांत तो पॅसेजमध्ये येतो. खाण्याच्या वाट्या दोघांच्याही टबांपासून लांब.

साफ करायची रीत सासूबाईंनी बसवली. आधी कोरड्या मऊ झाडूनं सगळं गोळा करायचं, मगच ओलं फडकं. बेंटोनाइटवर ओलं फडकं फिरवलं की त्याचा चिकट लेप होतो आणि फरशी निसरडी होते. नणंद घरात वावरणार म्हटल्यावर आम्ही हे फार जपलं. स्कूप सकाळ-संध्याकाळ, हातमोजे घालून, मी किंवा हे. लिटरची खोली अडीच-तीन इंच ठेवते, कमी असेल तर गोळा तळाला चिकटतो. टब धुवायला साधा साबण. फिनेल काळं असो की पांढरं, मांजरांच्या घरात नकोच. त्यातली द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत आणि ते पंजे चाटतंच. वास झाकायला सुगंधी लिटरही नको. वास येतो तो शूमधून अमोनिया तयार होतो त्याचा, आणि गोळे वेळेवर काढले की तो होतच नाही.

काढलेले गोळे कागदात गुंडाळून घंटागाडीत जातात. संडासात टाकायचे नाहीत, पाइपमध्ये बेंटोनाइट फुगलं तर सगळ्या मजल्यांचं पाणी तुंबेल. विष्ठा कुंड्यांतल्या खतातही घालत नाही.

स्कूप हातात असल्यामुळे आणखी एक गोष्ट कळते. रोज किती गोळे, केवढे, हे आपसूक लक्षात राहतं. बोका वारंवार टबात जाऊन बसतोय आणि गोळा किंवा ओला भुसा काहीच होत नाहीये, असं दिसलं तर त्याची लघवी अडली असू शकते. तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट न बघता तडक दवाखाना गाठायचा. सोन्यावर ती वेळ आलेली नाही, पण घरात सगळ्यांना मी हे सांगून ठेवलंय.

नणंद बाळंत होऊन बाळासकट महिनाभर आमच्याकडे राहिली. बाळाची दुपटी पॅसेजच्या दोरीवरच वाळायची. देवघरात आता दाणे सापडत नाहीत. बाल्कनीच्या उंबऱ्याशी चिमीचे थोडे पडतात, ते झाडूनं निघतात. पावसाळ्यात धुतलेली मॅट लवकर वाळत नाही, म्हणून आलटून-पालटून घालायला दुसरी आणायची आहे. तीच नूडलची, पण हातभर जास्त लांब.