रात्रीची लाईन, मचाण आणि सजग स्वप्नं: चौथ्या महिन्याची नोंद

सजग स्वप्न म्हणजे स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं भान येणं. त्याचा सराव मी मधले अठरा दिवस पूर्ण बंद ठेवला होता, म्हणून ही नोंद उशिरा लिहितोय. बंद का ठेवला ते आधी सांगतो, मोजदाद नंतर.

आमचं शेत दारव्हा तालुक्यात. रब्बीत हरभरा आणि थोडा गहू. थ्री फेज लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात एक-दीडला उठायचं, मोटर चालू करायची, स्प्रिंकलरचे पाइप हलवायचे आणि मचाणावर परत आडवं व्हायचं. रोही-डुकरांसाठी जागल असतेच. ‘उठून पुन्हा झोपणे’ ही पद्धत ज्यांनी केली आहे त्यांच्या हे लगेच ध्यानात येईल. रेम झोप, म्हणजे झोपेचा जास्त स्वप्नं पडणारा टप्पा, पहाटेकडे लांबत जाते, त्यामुळे चार-पाच तासांनी उठून, थोडं जागून परत झोपलं की स्वप्नात भान येण्याची शक्यता वाढते. इतर लोक त्यासाठी अलार्म लावतात, मला ते ओलितानं दिलं.

पहिल्या तीन महिन्यांत अकरा सजग स्वप्नं झाली, त्यातली आठ रात्रीच्या लाईनीच्या आठवड्यांत. सगळ्यांत चांगलं डिसेंबरातलं. अडाण नदी दुथडी वाहत होती. ऐन हिवाळ्यात पूर कसा, हा प्रश्न पडला आणि कळलं की हे स्वप्न आहे. स्वप्न मोडू नये म्हणून हात चोळले, चित्र टिकलं. काठावर उभा राहून मी बराच वेळ त्या पाण्याचा आवाज ऐकला. जागा झालो तेव्हा दिवसभर मन भरलेलं होतं.

मग संक्रांतीचा आठवडा आला.

तोवर मी दिवसातून पंचवीस-तीस वेळा रिअ‍ॅलिटी चेक करत होतो, म्हणजे आपण जागे आहोत की स्वप्नात याची तपासणी. नाक दाबून श्वास घेऊन बघायचा, बोटं मोजायची; स्वप्नात नाक दाबूनही श्वास येतो, बोटं कमी-जास्त भरतात. त्या दिवशी संध्याकाळी विहिरीवर गेलो. आमच्या विहिरीला कठडा नाही. खाली पाणी दिसत होतं, पण कुणी रंगवून ठेवल्यासारखं. मनात आलं, हे स्वप्नच आहे. नाक दाबलं. श्वास अडला, म्हणजे मी जागा होतो. पण ते उत्तर मनाला पटलं नाही. तसाच खाली मातीत बसलो, डिलिव्हरी पाइप दोन्ही हातांनी धरला आणि पाइपाचा गारवा नीट जाणवेपर्यंत उठलो नाही. स्वप्न आहे याची खात्री करायला स्वप्नात आपण उडून बघतो. त्या क्षणी मी काठावर होतो, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

घरी माय म्हणाली, “तू राती जागतं, अन् दिवसा बी इथं नसतं. काऊन रे बाबू?” तिला सगळं सांगितलं. त्या रात्रीपासून सराव बंद.

बंदीच्या दिवसांत वाचन केलं. सजग स्वप्न हा भ्रम नाही, हे प्रयोगशाळेत केव्हाच दिसलं आहे. १९७५ मध्ये इंग्लंडात कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाकडून आधी ठरवलेल्या डोळ्यांच्या हालचालींची खूण मिळवली, पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनीही तेच दाखवलं. मनाला अपाय होतो का, यावर मला सगळ्यांत जवळचा वाटला तो इस्रायलमधल्या अविराम आणि सोफर-दुदेक यांचा २०१८ चा अभ्यास. त्यात सजग स्वप्नं किती पडतात याचा त्रासाशी संबंध दिसला नाही. उलट स्वप्नातलं भान आणि ताबा जितका पक्का, तितकी मानसिक लक्षणं कमी. पण ज्यांनी अशी स्वप्नं मुद्दाम घडवण्याचा खटाटोप केला, त्यांच्यात दोन महिन्यांनी स्वतःपासून आणि जगापासून तुटल्यासारखं वाटण्याची लक्षणं वाढलेली होती. यावरून कारण सिद्ध होत नाही, आधीच अस्वस्थ असलेले लोक जास्त खटाटोप करत असतील असंही असू शकतं. तरी ते वाचताना मला माझी विहीर दिसली.

माझं मत असं झालं आहे: नदीच्या त्या स्वप्नानं माझं काही बिघडवलं नाही. बिघडवलं ते तुटक झोपेनं, आणि जागेपणावर दिवसभर शंका घेण्याच्या सवयीनं. दोन्ही एकत्र आली की मन सैल होतं.

मचाणावर दोनदा अंग जखडलंही होतं. डोळे उघडे, छातीवर ओझं. आजी त्याला ‘दाबलं’ म्हणते आणि उशाशी विळा ठेवायला सांगते. रेम झोपेत स्नायू सैल पडलेले असतात आणि ती अवस्था जाग आल्यावरही काही क्षण राहते, हे माहीत असल्यानं मी फक्त पायाचं बोट हलवायचा प्रयत्न करत राहिलो. सुटलं. भीतीदायक असलं तरी हे निघून जातं. विहिरीवरचं तसं नव्हतं.

ज्यांना पूर्वी आवाज ऐकू आले आहेत, संशयाचा आजार झाला आहे किंवा झोप मोडली की मन उधळतं, त्यांनी यात पडू नये, असं मी कळकळीनं सांगतो. आणि सगळं खोटं वाटणं दिवसेंदिवस टिकलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोनवर बोलता येतं.

माझं खोटं वाटणं सहाव्या-सातव्या दिवशी ओसरलं. त्या दिवसांत दुपारी दोन तास झोपायचो, स्वप्नवही उघडली नाही.

आता पुन्हा सुरू केलंय, पण वेगळ्या तऱ्हेनं. रात्रीच्या लाईनीच्या आठवड्यात सराव नाही. अलार्म नाही. चेक दिवसाला चारच, तेही बसून. विहीर, स्टार्टरची पेटी आणि मोटरसायकल यांच्याजवळ कधीच नाही. स्वप्नातही उडून खात्री करायची नाही, बोटं मोजायची. झोपताना फक्त एक संकल्प: पुढच्या स्वप्नात ओळखीन.

परवा, दिवसाच्या लाईनीच्या आठवड्यात, सलग सात तासांच्या झोपेनंतर पहाटे एक आलं. हरभऱ्याच्या शेतात होतो, घाट्यांवर दव. बोटं मोजली, सहा भरली. जेमतेम अर्धा मिनिट टिकलं. उठून अंगणात गेलो तर माय चूल पेटवत होती, आणि धूर डोळ्यांत गेला तेव्हा काहीच तपासावंसं वाटलं नाही.